खुर्च्या कमी पडल्या

माझ्या सख्ख्या भावाने माझ्याच दारात उभं राहून मला आजी म्हटलं. माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "आजी, तब्येत सांभाळा, आणि आमच्याकडे लक्ष असू द्या." मी आजी झालेय हे खरं, पण त्याची नाही. त्याच्याहून चार वर्षांनी मोठी आहे, एवढंच.

आणि हे म्हणताना त्याची नजर माझ्यावर नव्हतीच. हात माझा धरलेला आणि डोळे शेजारच्या औषधवाल्याच्या दारावर. त्याच्या डाव्या हाताच्या बोटाचं वाकडं नख माझ्या तळहाताला लागलं. ते नख वाकडं कसं झालं हे त्याच्याखेरीज जगात आता मला एकटीलाच माहीत आहे. मी तोंड उघडेपर्यंत त्याच्या मागच्या माणसाने माझ्या हातात प्रचाराचा कागद कोंबला आणि सगळी वरात पुढच्या दारी पोचलीसुद्धा. कागदावर भावाचा फोटो होता. फोटोतला तेवढा माझ्याकडे बघत होता.

माझी सून मागेच उभी होती. तिने मामेसासऱ्यांची बाजू घेतली. म्हणाली, आई, तुम्ही गोदामातून आलेल्या, डोक्याला फडकं, चष्म्यावर धूळ, आणि ह्या नव्या घरी मामा कधी आलेले नाहीत. सकाळपासून किती दारं केली असतील, कसं ओळखणार. मी म्हटलं, त्याचं नाक पुसण्यात माझी फडकी झिजली, फडक्यावरून तरी ओळखायचं. आणि नव्या घरी कधी आला नाही हे तू त्याच्या बाजूने सांगतेस की माझ्या?

आमचा धंदा खुर्च्या भाड्याने द्यायचा. एक सर्कस गावात येऊन बुडाली, तिच्या घडीच्या लोखंडी खुर्च्या वडिलांनी स्वस्तात उचलल्या, तिथून सुरुवात झाली. लग्न असो, मयत असो, शाळेचं संमेलन असो, ह्या गावाने बसायचं ते आमच्या खुर्चीवर. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला निळा पट्टा ओढलेला, म्हणजे चुकून दुसऱ्याच्या गाडीत जायला नको. ती खुर्ची मिटायची कशी हे वडिलांनी आम्हा दोघांना शिकवलं. बैठकीला खालून गुडघा द्यायचा, पाठ आपल्याकडे ओढायची, खट्. मग दोन्ही दंडांवर दोन दोन अडकवायच्या आणि चालायला लागायचं. शिकताना भावाचं बोट बिजागरीत सापडलं. मी ते नळाखाली धरून बसले होते आणि तो रडता रडता मला सांगत होता, ताई, वडिलांना सांगू नको. वडील गेल्यावर तो राजकारणात गेला आणि गोदामाची किल्ली माझ्याकडे आली. बाईमाणूस काय खुर्च्या वाहणार, असं बोलणारे पुष्कळ होते. नंतर आपापल्या मुलींच्या लग्नाला तेच माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. जातील कुठे?

आता सभेच्या खुर्च्यांची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सभेला जेवढी माणसं येतील असा अंदाज असतो, त्याहून बऱ्याच कमी खुर्च्या मांडायच्या. उरलेल्या ट्रकमध्ये कनातीमागे मिटून ठेवायच्या. लोक येतात, जागा भरते, मागे उभे राहायला लागतात. मग आमची माणसं घाईघाईने, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून, एक एक रांग आणून टाकतात. दुसऱ्या दिवशी गावभर होतं, खुर्च्या कमी पडल्या हो. बसायला मिळत नाही म्हटलं की माणूस हट्टाने थांबतो, आणि समोर रिकामी खुर्ची दिसली की बसलेलाही उठून घरी जातो. वडिलांची ही युक्ती घेऊन माझा भाऊ पहिल्यांदा आमदार झाला, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. भाषण त्याचं असायचं, गर्दी माझी.

पहिल्या खेपेला निवडून आला तेव्हा खांद्यावर उचलून घेणारी माणसं बाजूला सारून तो आधी गोदामात आला होता. नदीवरचा पूल त्याने केला, दवाखान्याला दुसरा मजला चढवला, ते मी नाकारत नाही. पण नंतर त्याच्याभोवती माणसं वाढत गेली आणि माझ्यापर्यंत यायचा तो फक्त खुर्च्यांचा निरोप. निरोप आणणारा एक माणूस त्याने ठेवलाय, दोन्ही कानांना दोन फोन लावून फिरतो. आम्ही त्याला दोनफोन्या म्हणतो.

ह्या वेळी त्याच्यासमोर दवाखान्यातली एक नर्स उभी होती. तिने सभा घेतल्याच नाहीत. ती घराघरात जाऊन स्वयंपाकघरात बसायची, लोकांच्या स्वतःच्या खुर्च्यांवर. माझ्याकडून एक स्टूलसुद्धा तिने नेलं नाही, त्यामुळे तिची हवा किती आहे हे मोजायला माझ्यापाशी काही साधन नव्हतं. एवढं मात्र दिसत होतं की भावाच्या सभांना आमचे ट्रक जसे जात तसेच परत येत. मागच्या मिटलेल्या रांगा उघडायची पाळीच येत नव्हती.

शेवटच्या सभेचा निरोप घेऊन दोनफोन्या आला. मंडईसमोरचा चौक, नेहमीसारखं करा, म्हणाला. साहेबांची खुर्ची ह्या सभेवर आहे, ताईसाहेब, चौक भरलेला दिसला तर काठावरचे लोक वळतील. मी म्हटलं, करते. तो गेल्यावर मी मुलाला सांगितलं, गोदामात आहेत तेवढ्या सगळ्या खुर्च्या चौकात मांडायच्या. ट्रकमध्ये एकही ठेवायची नाही.

मुलगा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, आई, मामा पडेल.

"पडू दे. जिला आजी म्हणाला ती काय करू शकते ते तरी कळू दे."

तो पुष्कळ बोलला. धंद्याचं नाव जाईल, घरात भांडण होईल, लोक काय म्हणतील. मी किल्ली कमरेला खोचली आणि खुर्च्या मोजायला गेले. राग होता, तो मी लपवत नाही. पण नुसता राग नव्हता. इतकी वर्षं आम्ही त्याला त्याचं गाव भरलेलं दाखवत आलो, एकदा ते आहे तसं दिसू दे, असंही मला वाटत होतं.

सभेच्या दिवशी दुपारपासून माझी माणसं खुर्च्या मांडत होती. मंडईच्या पायऱ्यांपासून पार बस थांब्यापर्यंत रांगा गेल्या. एवढ्या खुर्च्या एका जागी उघडलेल्या मीसुद्धा कधी पाहिल्या नव्हत्या. दिवे लागले तेव्हा निळे पट्टे असे दिसायला लागले की जणू चौकात पाणी भरलंय. आणि त्यावर माणसं किती, तर व्यासपीठाजवळच्या काही रांगा, त्याही पक्षाच्याच लोकांच्या. बाकी सगळं रिकामं. मी सगळ्यात मागच्या रांगेत एकटी जाऊन बसले. डोक्याला फडकं मुद्दाम बांधलं होतं.

दोनफोन्या धावत माझ्याकडे आला.  मागच्या खुर्च्या उचला, निदान अर्ध्या तरी उचला, म्हणून विनवायला लागला. मी म्हटलं, माझी माणसं जेवायला गेलीत.

तेवढ्यात भाऊ आला. गाडीतून उतरला, हात हलवत व्यासपीठावर चढला, माइकपाशी गेला आणि त्याने समोर पाहिलं. हात हवेतच राहिला. मी लांबून बघत होते. तो एक एक रांग बघत मागे मागे येत होता, म्हणजे त्याची नजर येत होती, आणि शेवटी ती माझ्यावर येऊन थांबली. एवढ्या लांबून डोळे दिसत नाहीत, पण त्याने मला ओळखलं. फडक्यासकट ओळखलं. रीत त्यालाही माहीत होती, त्यामुळे हे कोणी केलं आणि का केलं हे त्याला सांगायला लागणार नव्हतं.

मला वाटलं, आता हा ओरडेल, नाहीतर माइकवरून काहीतरी हसण्यावारी नेईल. त्यात तो तरबेज आहे. त्याने माइक तसाच सोडला. मग खाली उतरला. भरलेल्या रांगा ओलांडून पहिल्या रिकाम्या खुर्चीपाशी आला, बैठकीला गुडघा दिला, पाठ ओढली. खट्. मग दुसरी. खट्. दोन ह्या दंडावर, दोन त्या दंडावर, आणि नेऊन मंडईच्या भिंतीला टेकवल्या. आला, पुन्हा चार. गाव बघत होतं आणि आमदार खुर्च्या मिटत होता. कोट काढून त्याने एका खुर्चीवर टाकला आणि मग ती खुर्चीसुद्धा मिटायची म्हणून कोट खांद्यावर घेतला. दोनफोन्या मध्ये गेला, त्याला त्याने हाताने बाजूला केलं. माझ्या वडिलांच्याच चालीने तो चालत होता, डावा पाय जरा फाकून.  मी उठले नाही.

चौक इतका गप्प होता की प्रत्येक खट् समोरच्या इमारतींवर आपटून परत येत होता. आणि तेव्हा मी वर पाहिलं.

खिडक्या भरलेल्या होत्या. मंडईच्या वरचे मजले, समोरची चाळवजा इमारत, बँकेची गच्ची, बस थांब्यामागचा जिना, जिथे नजर जाईल तिथे माणसं. लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, बनियनवरचे पुरुष, एकमेकांच्या खांद्यावरून वाकलेले म्हातारे. सगळं गाव तिथेच होतं. ते सभेला आलं नव्हतं एवढंच. मी जन्मभर गर्दी बघत आले, पण आणलेली. ही गर्दी कधीची तिथे उभी होती आणि माझ्यासारखीला तिचा पत्ताही नव्हता. 

मंडईच्या वर एक शिलाईवाली राहते, ब्लाउज शिवते, गळ्यात सदा टेप. ती जिना उतरून खाली आली. चालत चालत भावापर्यंत गेली. त्याने नुकतीच मिटलेली खुर्ची तिने त्याच्या हातातून घेतली, उघडली आणि त्याच्या समोर मांडून बसली.

"ही राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "मला बोलायचंय. तुमचं बोलून झालं असेल तर."

भावाने दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. ती काय बोलली ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. नंतर कळलं, तिच्या नवऱ्याच्या नोकरीचं होतं, भावाच्या कचेरीत तिने मारलेल्या चकरांचं होतं, आणि एकदा ह्याने तिचा हात हातात घेऊन मागच्या माणसाशी बोलल्याचं होतं. म्हणजे मी काही पहिली नव्हते.

मग औषधवाला आला. मग जिन्यावरच्या दोघीतिघी. मग कोणी पहिलं, कोणी दुसरं असं काही राहिलंच नाही. सगळ्या दारांतून माणसं यायला लागली. कोणी बोलावलं नाही, कोणी घोषणा दिली नाही, माइक तर तसाच उभा. जो तो भिंतीची एक खुर्ची उचलायचा, नाहीतर मांडलेलीवर बसायचा, सरकवून जवळ घ्यायचा. माझ्या सरळ रांगांचा पार विस्कोट झाला आणि चौकभर भावाभोवती गोल गोल कडी तयार झाली. एक माणूस बोलायचा आणि बाकीचे ऐकायचे. काही रागाने बोलले. एक म्हातारा बोलताना रडला. भावाने कोणाला वचन दिलं नाही, मध्ये तोंड घातलं नाही, घड्याळ बघितलं नाही. जो बोलत असेल त्याच्या तोंडाकडे बघत होता.

मी इतकी वर्षं ह्या माणसांना बसवते, पण ती बसतात कशासाठी हे मला ठाऊक नव्हतं.  देवळात गेल्यावर सुद्धा माझं तोंड बंद राहत नाही, पण त्या चौकात मी नुसती ऐकत बसले.

मुलगा घाईघाईने माझ्याकडे आला. म्हणाला, आई, मागे लोक उभे आहेत. अजून खुर्च्या हव्यात.

आम्ही दोघांनी ट्रककडे पाहिलं. ट्रक रिकामा होता. मी उठले आणि माझी खुर्ची एका पोटुशीला दिली.

दुसऱ्या दिवसापासून गावात एकच बोलणं, साहेबांनी बाजी पलटवली. दोनफोन्या माझ्या पाया पडायचाच बाकी होता. ताईसाहेब, तुमची काय चाल, काय चाल, म्हणत मिठाई घेऊन आला. मी त्याला म्हटलं, ती चाल नव्हती, राग होता, मिठाई परत ने. त्याला ते कळलं नाही.

मतदान शाळेत होतं. लहान मुलांचा वर्ग, भिंतीवर त्यांनी काढलेली घरं आणि सूर्य, बाकडी एवढीशी. रांगेत माझ्यापुढे शिलाईवाली, मागे औषधवाला. त्या दिवशी चौकात पोटातलं सगळं ओतलेली ही माणसं, पण कोणी निवडणुकीचा शब्द काढत नव्हतं. नळाला पाणी येण्याच्या वेळा, गुडघेदुखी, असलं बोलणं. आत गेलं की प्रत्येकाचा चेहरा बदलायचा, आणि बाहेर आलं की पुन्हा तोच.

माझी पाळी आली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. घर, नवरा, मुलं, खुर्च्या, ह्या सगळ्यांत मी कधी एकटी नव्हते. तिथे होते. सून नाही, मुलगा नाही, भाऊसुद्धा नाही. यंत्र, बटणं आणि मी. एवढासा तो पुठ्ठा, हाताने ढकलला तर पडेल, आणि त्याच्या आत डोकवायची आमदाराचीही छाती नाही. मी तिथे बराच वेळ उभी राहिले असणार, कारण टेबलामागचा माणूस खाकरला. मी बटण दाबलं, यंत्र वाजलं. कोणाच्या नावापुढचं दाबलं ते यंत्राला माहीत.

भाऊ पडला. थोडाथोडका नाही, चांगला पडला.

मुलगा बातमी घेऊन आला तेव्हा मला आधी खोटंच वाटलं. मी तडक शिलाईवालीकडे गेले. ब्लाउज टाकायचं निमित्त काढलं. मला वाटलं होतं, ती नजर चुकवेल. ती माझं माप घेत होती आणि सहज बोलल्यासारखी बोलली, त्या दिवशी साहेबांनी ऐकलं, फार बरं वाटलं हो, माझा तर जीव हलका झाला. मी म्हटलं, मग? तिने टेप गळ्यात टाकली. "मग काय? त्यांनी ऐकलं ते आम्ही विसरणार नाही. पण ऐकायला किती वर्षं लागली तेही विसरलो नाही. हात वर करा."

मी हात वर केले. दुसरं काय करणार? ज्या हातांनी ह्या लोकांनी खुर्ची जवळ ओढली होती, भावासमोर डोळे पुसले होते, त्याच हातांनी त्याला घरी बसवला. त्यात सूड नाही, आरडाओरड नाही. मी त्या बाईच्या हातातल्या टेपेकडे बघत राहिले. असल्या माणसांना मी खुर्च्या कमी मांडून फसवते असं मला वाटत होतं. त्यांनी एकदाही फसवून घेतलं नव्हतं, पटलं तोवर निवडून दिलं होतं, एवढंच.

दोन दिवसांनी भाऊ आला. चालत, एकटा. मी गोदामात खाली बसून बिजागऱ्यांना तेल घालत होते, सभेत ओढाताण होऊन पुष्कळ खुर्च्या आखडल्या होत्या. तो दारात थांबला. हात पुढे केला नाही. नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला, इतका वेळ की मलाच अवघडल्यासारखं झालं.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुला दारात काय म्हणालो, ते मला चौकात आठवलं. खुर्च्या बघितल्यावर."

मी तेल घालत होते.

तो आत आला, माझ्यासमोर जमिनीवर बसला, एक खुर्ची मांडीवर घेतली आणि बिजागरी पुसायला लागला. वाकडं नख त्या फटीतून बरोबर फिरत होतं. थोड्या वेळाने खाली मान घालूनच त्याने विचारलं, मत मला दिलंस का?

मी सांगितलं, ते पुठ्ठ्याआड राहिलं, ते तुला ह्या जन्मी कळणार नाही. तो हसला. निवडणुका सुरू झाल्यापासून त्याचं हसू मी पहिल्यांदा बघितलं, फोटोतलं सोडून. मग डोळे पुसले त्याने, तेलाच्या हातांनी, आणि गालभर काळं फासून घेतलं. मी डोक्याचं फडकं सोडलं आणि त्याच्या अंगावर टाकलं.

"पूस तोंड," मी म्हटलं. "आमदार कसा होतास ते लोकांनी सांगितलं, त्यात मी बोलणारी कोण? भाऊ कसा होतास ते मी सांगते. पहिल्या खेपेला पास, नंतरच्या दोन्ही वेळा नापास. पुन्हा उभं राहायचं असेल तर राहा, खुर्च्या मीच देईन, सगळ्या देईन. पण आधी माझ्या दारात यायचं, तोंडाकडे बघायचं आणि मग हात धरायचा. आणि परत आजी म्हणालास, तर ह्याच खुर्चीने हाणीन."